बिदागीचा दिवस

बाळूच्या नंबरावरून मला अजूनही अधूनमधून गुलाबाचं फूल येतं. खाली 'शुभ सकाळ' आणि जोडलेले दोन हात. बाळू जाऊन दुसरी दिवाळी झाली. मी औषधांचं दुकान चालवतो, चार बुकं शिकलोय, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी फूल आलं की मी फोन काउंटरवर पालथा घालतो आणि समोरच्या गिऱ्हाइकावर उगाच खेकसतो, "काय पायजे?" गाव म्हणतं, मेडिकलवाल्याचा पारा सकाळीच चढलेला असतो. चढू दे. ते फूल त्यांनाही येतं, पण कुणी त्याचं नाव काढत नाही. मला मात्र त्या फुलामागं बाळू दिसत नाही. सोपानराव दिसतात.

सोपानराव म्हणजे आमच्या युसूफ वडगावचे बहुरूपी. सोंगं काढणं हा त्यांच्या घराण्याचाच धंदा. आज फौजदार, उद्या तलाठी, परवा डॉक्टर असं नटून दारोदार जायचं, माणसाला घटकाभर फसवायचं, घाबरवायचं आणि शेवटी हसवायचं. अंगानं काटकुळे, रंग ना काळा ना गोरा, चेहरा असा की दहा वेळा बघूनही लक्षात राहू नये. "देवानं आमाला कोरी पाटी दिलीय शेठ," असं ते स्वतःच म्हणायचे. मला ते शेठ म्हणायचे. माझ्याकडं दातावर मारायला पैसा नव्हता तेव्हापासून.

त्यांची माझी ओळखच मुळी फसवणुकीतून झाली. मी नवीन नवीन दुकान टाकलं होतं. एके दिवशी सफारी घातलेला, काखेत फाइल धरलेला एक साहेब आत शिरला. औषध निरीक्षक म्हणे. आल्या आल्या फ्रीज उघडायला लावला. एक पाकीट उजेडात धरून म्हणाला, "ह्याची तारीख का पुसलीय?" तारीख काही पुसलेली नव्हती, तरी मी हात जोडले. चहा मागवला, पंखा त्यांच्याकडं वळवला, साहेब साहेब करून तोंडाला फेस आला. साहेबानं माझ्याकडं रोखून पाहिलं, आणि ओठाचा डावा कोपरा इतकासा हलला. बाहेर जमलेली माणसं फिदीफिदी हसायला लागली तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी शिवी हासडली आणि मग मीही पोट धरून हसलो. तो चहा मात्र त्यांनी घेतला नाही.

"सोंगात असताना काय घ्यायचं न्हाई," ते म्हणाले. "ती लबाडी झाली. बिदागीच्या दिवशी येतो."

हा बिदागीचा दिवस नीट सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अडलेलं आहे. सोंगांची फेरी संपली की शेवटच्या दिवशी बहुरूपी साध्या कपड्यांत दारात येतो. तोंड धुतलेलं, मिशी उतरवलेली. "ओळखलं का मालक? म्या सोपान," असं म्हणतो. मग घरच्यांनी कुठलं सोंग फक्कड झालं ते सांगायचं आणि सूपभर ज्वारी, एखादं धोतर, जे काही असेल ते हातावर ठेवायचं. सोंग घेतलं तसं ते उतरवूनही दाखवायचं, हे त्या धंद्याचं इमान. सोपानरावांचे वडील मरताना म्हणे हेच बजावून गेले होते की उतरवलं नाही तर सोंग अंगाला धरतं. हे सांगताना सोपानराव हसायचे, पण हाताचे केस उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

आणखी एक. ते रंग चढवताना आरसा कधीच घ्यायचे नाहीत. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून, माझ्याकडं बघत मिशी चिकटवायचे. मी एकदा चिडून म्हणालो, "अहो, माझ्या तोंडाकडं काय बघताय?"

"तुमच्या डोळ्यांत बगायलो," ते म्हणाले. "आरशात आपलंच थोबाड दिसतंय, त्येचा काय उपयोग? सोंग चढलं का न्हाई ते समोरच्याच्या डोळ्यांत कळतंय."

यातून एक भलताच घोटाळा होऊन बसला होता. आधार कार्डाचे फोटो काढणारे गावात आले तेव्हा सोपानराव फौजदाराच्या सोंगात होते. रांग सोडली तर पुन्हा कधी नंबर लागणार, म्हणून तसेच खुर्चीत जाऊन बसले. फोटोत आली ती पिळदार मिशी. पुढं निराधारांच्या पगारासाठी हयात असल्याचा पुरावा द्यायची पाळी आली. सेवा केंद्रातल्या पोरीनं फोन तोंडासमोर धरला, डोळे मिचकवायला सांगितलं. जमेना. पुन्हा मिचकवले. पुन्हा जमेना.

"तात्या, तुमचं तोंड जुळंना," पोरगी म्हणाली.

सोपानराव उठले, घरी गेले, पेटीतली मिशी ओठावर चढवून, छाती काढून परत आले. "आता घे, बाई." एका झटक्यात जुळलं. साऱ्या केंद्रात हशा पिकला, मीही होतो. पण बाहेर आल्यावर ते मिशी सोलत म्हणाले, "सरकारदरबारी फौजदार जित्ता हाय शेठ. सोपानची कुटं नोंदच न्हाई." तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

साऱ्या गावाची नक्कल सोपानराव करायचे, पण त्यांची नक्कल करणारा गावात एकच, कोंडाबाईचा बाळू. चिमुरडा असल्यापासून हा त्यांच्या मागं मागं. काखेत फळकूट धरून, मान तिरकी करून, "ओळखलं का मालक? म्या सोपान," असं दारोदार म्हणत फिरायचा. बायका हसून त्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायच्या. सोपानराव खूश. "मव्हं सोंग काढणारा एकच भेटला बगा जिंदगीत!" त्यांना मूलबाळ नव्हतं, बायकोही लवकर गेली. बाळू मोठा झाला, मोसमात उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून जाऊ लागला. मला तो मामा म्हणायचा. जाता-येता दुकानात शिरून, मला न विचारता बरणीत डावा हात घालायचा आणि खोकल्याची गोळी तोंडात टाकायचा. डावखुरा होता.

कोरोनात दारं बंद झाली आणि सोपानरावांची फेरी थांबली. दारच उघडत नाही तिथं सोंग कुणापुढं काढणार? त्यांनी एक फोन मिळवला. चेहरा दाखवायचा नाही, नुसता आवाज नेटवर टाकायचा. एका नावानं ते कडक फौजदार झाले, दुसऱ्या नावानं सुनांना सल्ले देणाऱ्या पुण्याच्या मॅडम. फोटोच्या जागी फुलं नाहीतर मोर. बघता बघता हजारो माणसं ऐकायला लागली. मॅडमला तर लोक लांबलांबून राखीपौर्णिमेच्या शुभेच्छा पाठवायचे. मी चेष्टेनं म्हणायचो, "काय मॅडम, आज स्वयंपाकाला काय?" ते हसायचे.

एक दिवस मात्र पडलेल्या तोंडानं आले, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. कुठल्याशा गावच्या एका सुनेनं मॅडमला फोन करून हमसाहमशी रडून घेतलं होतं. यांनी मॅडमच्याच आवाजात तिची समजूत घातली होती.

"मग बरंच केलंत की," मी म्हणालो.

"बरं कशाचं? तिला खरं वाटलं, शेठ." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "दारात उभं ऱ्हायलं की समोरच्याच्या डोळ्यांत दिसतंय, ह्याला आता कळलं. कळलं की तो हसतो, आपुन थांबतो. फोनात डोळेच न्हाईत. कुटं थांबावं ते कळंना बगा."

त्यानंतरच्या हिवाळ्यात बाळूचा ट्रॅक्टर दूर तिकडं कारखान्याजवळच्या कॅनॉलमध्ये पलटी झाला. बाळू जागीच गेला.

कोंडाबाई तेव्हा अंबाजोगाईच्या दवाखान्यातून नुकत्याच घरी आल्या होत्या. हृदयाचं दुखणं, जपायला सांगितलेलं. त्यांच्या गोळ्या माझ्याकडूनच जायच्या. त्यांची मुलगी शालू माहेरी येऊन आईचं करत होती. चार माणसं जाऊन तिकडंच बाळूला अग्नी देऊन आली आणि शालूनं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून एकेकाला हात जोडले की आईला कळू देऊ नका. सारं गाव गप्प बसलं. आमच्या गावाच्या पोटात तीळ भिजत नाही, पण हे भिजलं.

पण कोंडाबाईला रोज लेकाचा आवाज ऐकायची सवय. दोन दिवस आवाज आला नाही तर त्यांनी जेवण सोडलं. शेवटी शालू बाळूचा फोन पदरात गुंडाळून माझ्या दुकानात आली, तिथं सोपानराव बसलेले. तिनं फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. काच तडकलेली, पण चालू होता.

"तात्या, आई जराशी सावरूस्तोर. तुमीच सांगा, दुसरं कोण हाय मला?"

सोपानरावांनी फोन उचलून पाहिला. फोटोत बाळू गॉगल लावून ट्रॅक्टरला टेकला होता. "सोंग घीन पोरी," ते म्हणाले, "पण पट्टा पडला की म्या स्वतः तुज्या आईच्या दारात यीन आन् उतरवीन. तेवढं मला करू दे." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचं गाळप संपणं, माणसं गावाकडं परतणं. शालूनं मान डोलावली. त्यांनी जबडा दोन्ही हातांत धरून सैल केला, घसा खाकरला आणि फोन तोंडाशी नेला.

"आये, जेवलीस का? आगं रेंज नव्हती इकडं."

शालूनं तोंडात पदर कोंबला. माझ्या हातातली पाकिटं खाली पडली. मी डोळ्यांनी सोपानरावांना बघत होतो आणि कानांनी बाळू ऐकत होतो. ते मला अजिबात आवडलं नाही.

कोंडाबाई मात्र जेवल्या. पुढं रंग चढत गेला त्यांच्यावर. अंगणात बसून आवाज मोठा करून त्या लेकाचं बोलणं साऱ्या गल्लीला ऐकवायच्या. "पोरगी बगितलीय तुला, यी तर खरं!" म्हणायच्या. बाई तोंडाची मोठी फटकळ, पण लेकाशी बोलताना आवाजाला नुसता लोण्याचा गोळा.

आमचा गल्लीचा एक ग्रुप आहे. त्यातून बाळूचा नंबर कुणी काढला नव्हता. काढणार कोण आणि कुठल्या हातानं? एका दुपारी कुणीतरी पाण्याच्या टँकरचं विचारत होतं आणि वरती अक्षरं उमटली, 'बाळू टाइप करत आहे'. मी बघतोय, सगळे बघतायत. एकाही माणसाचं काही लिहायचं धाडस होईना. अक्षरं थांबायची, पुन्हा उमटायची. शेवटी काहीच आलं नाही. मी तणतणत सोपानरावांच्या घरी गेलो. ते खाटेवर शांत झोपलेले, फोन कोनाड्यात चार्जिंगला. उठवून जाब विचारला तर म्हणाले, "न्हाई वो शेठ. कावून करू म्या तसं?" तडकलेल्या काचेमुळं फोन आपोआप चालत असेल, असं मी त्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

मग विहिरीची गोष्ट. कोंडाबाईंनी एकदा सहज विचारलं, "बाळू, तुज्या बापाचा पानाचा डबा कुटं गेला रं? मला आजपत्तोर सापडंना." बाळूच्या आवाजात उत्तर गेलं, "आये, मारू नकोस. म्या हिरीत टाकलता, ल्हान असताना." उन्हाळा लागताच विहीर आटली, गाळ काढला, तर गंजलेला डबा वर आला. कोंडाबाई हसून हसून बेजार झाल्या. मी सोपानरावांना गाठलं.

"तुम्हाला कसं कळलं? बाळूनं सांगितलं होतं कधी?"

"न्हाई."

"मग?"

"तोंडातून निगालं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. "शेठ, लवकर पट्टा पडू द्या. म्या बेजार झालोय."

असेल, लहानपणी बाळू बोलून गेला असेल आणि यांच्या डोक्यात कुठंतरी राहिलं असेल. मी अजूनही तेच म्हणतो. पण त्याच आठवड्यात भर दुपारी, लाइट गेलेली, पंखा बंद, मी बिलं लावत बसलो होतो. कुणीतरी आत आलं, बरणीचं झाकण वाजलं आणि "मामा, लई उकडायलंय आज" असं ऐकू आलं. मी वर पाहिलं. सोपानराव उभे होते, डावा हात बरणीत. त्यांनाही ते त्याच क्षणी कळलं असावं. हात तसाच राहिला, बाहेर काढायलाही ते घाबरले. मग हळूच गोळी परत बरणीत टाकून निघून गेले. मला सांगायला लाज वाटत नाही, मी भ्यालो होतो, आणि त्यांच्याइतकी कीव मला दुसऱ्या कुणाची आली नाही.

पट्टा पडला. गावात ट्रॅक्टर, टेम्पो भरभरून माणसं परतली. कोंडाबाईंनी दार सारवून घेतलं, पुरणाची डाळ निवडून ठेवली. त्यांची तब्येत आता ठणठणीत होती, मीच बीपी बघून आलो होतो. शालूनं सोपानरावांचे पाय धरले की आणखी थोडे दिवस. ते पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले, "आगं, तुला आई पायजे, मला मी पायजे की न्हाई?"

सकाळीच ते निघाले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला काही नाही. मला सोबत घेतलं, जिभेखाली ठेवायची गोळी खिशात टाकायला सांगितली. वाटेत एकदाच बोलले. बोलले म्हणजे घसा खाकरला, ओठ हलवले आणि पुन्हा खाकरला. कुठला आवाज काढावा ते त्यांना सापडत नव्हतं. अखेर बारीक, चिरकट असा एक निघाला. "हाच हाय ना वो मव्हा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मलाही नक्की आठवत नव्हतं.

कोंडाबाई दारातच बसल्या होत्या. शालू आत चौकटीला धरून उभी. सोपानराव उंबऱ्यापासून हातभर लांब थांबले, धंद्याच्या रीतीप्रमाणं. हात जोडले.

"ओळखलं का मालकीण? म्या सोपान."

कोंडाबाईंनी वर पाहिलं. डोळ्यांवर आडवा हात धरून नीट निरखलं. मी गोळी खिशातून मुठीत घेतली. त्यांच्या तोंडावर सावकाश हसू पसरत गेलं.

"आलास रं मव्ह्या लेकरा!" त्या म्हणाल्या. "आन् येता येता सोपानतात्याचं सोंग घिऊन आलास व्हय? ल्हानपणीची खोड काय गेली न्हाई तुही!"

"न्हाई वो कोंडाबाई. म्या सोपानच हाय. बाळू..." त्यांचा आवाज चिरकला. "बाळू न्हाई आता. गेलाय त्यो. म्याच बोलत हुतो फोनावर."

"बगा बगा, बोलणंबी तसंच!" कोंडाबाईंनी टाळी वाजवली. "मान बी तशीच तिरकी. काय वो मेडिकल, हुबेहूब हाय का न्हाई?"

"आई, अगं हे खरंच..." शालू पुढं आली.

"तू गप बस. मला शिकवती, मव्हं लेकरू मला वळखू येत न्हाई?"

कोंडाबाई माझ्याकडं बघत उत्तराची वाट पाहत होत्या. मी शेजारी वळून पाहिलं. ती कोरी पाटी, तिरकी मान, जोडलेले हात, त्यात डावा वर. इतकी वर्षं ओळखत असलेला माणूस, पण त्या क्षणी मला कुणी शपथेवर विचारलं असतं तर मी सांगू शकलो नसतो. मी मुठीतली गोळी परत खिशात टाकली.

कोंडाबाई उठल्या, आतून सूपभर ज्वारी घेऊन आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "घे. सोंगाची बिदागी असती. त्या बिचाऱ्या सोपानला कुणी हाय का? साऱ्या गावाची सोंगं काढली त्येनं, त्येचं कुणी काढलं न्हाई. तू काढलंस, लई बरं केलंस."

सोपानरावांनी धोतराचा सोगा पुढं केला. ज्वारी पडली. त्यांनी तोंड उघडलं, आणि आता काय निघणार ते मला आधीच कळलं.

"येतो आये. हातपाय धुवून येतो."

"लवकर यी. पुरण टाकलंय."

ते गल्लीनं चालत गेले. मी मागं गेलो नाही. कोपऱ्यावरच्या लिंबाखाली ते थांबले. एका हातात ज्वारीचा सोगा घट्ट धरलेला, दुसऱ्या हाताची बोटं कानामागून हनुवटीपर्यंत, हनुवटीखालून पुन्हा कानामागं फिरत होती. मिशी सोलायला माणूस तिची कड शोधतो ना, तसं ते स्वतःच्या तोंडाची कड शोधत होते. बराच वेळ शोधली. मग हात खाली सोडला, आणि वळून कोंडाबाईच्या घराकडं जेवायला चालू लागले.